देवघरातील पदक आणि एका शिपायाचे लग्न

कोरेगाव तालुक्यातील आमच्या गावच्या घरी देवघरात पाच टाक आहेत. खंडोबा, भवानी, भैरोबा आणि हाती तलवार घेतलेला वीर हे चार टाक कोणाच्याही घरी असतात तसेच, चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेले आहेत. पाचवा मात्र पत्रा नसून रुपयापेक्षा मोठी आणि चांगली जाड अशी चांदीची चकती आहे. तिच्या एका बाजूला डोक्यावरून पदर घेतलेल्या स्त्रीचा चेहरा आहे आणि दुसऱ्या बाजूला हत्ती आहे, म्हणून माझी आजी तिला गजलक्ष्मी म्हणत असे. दसऱ्याला आणि चंपाषष्ठीला सगळे टाक चिंचेने घासून, पंचामृताने धुऊन, हळदकुंकू वाहून पुजले जात आणि त्यांच्या रांगेत ही गजलक्ष्मीही बसे. ती राणी व्हिक्टोरिया आहे हे मला समजले तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. आजी तेव्हा हयात नव्हती, हे एका अर्थी बरेच झाले.

शेजारच्या गावचे एक निवृत्त सुभेदार जागरणाला आमच्याकडे आले होते. त्यांनी ती चकती हातात घेतली, काठ बोटाने चाचपला आणि हे अफगाण युद्धाचे पदक आहे, असे तिथल्या तिथे सांगितले. १८७८ ते १८८० या काळात झालेल्या त्या युद्धाच्या पदकावर मुकुट आणि त्यावरून ओढणी घेतलेली राणी असते, मागे तोफ वाहणारा हत्ती आणि कूच करणारी फौज असते, आणि काठावर ज्याला ते मिळाले त्याचे नाव व पलटण कोरलेली असते. आमच्या पदकाचा काठ शंभरसव्वाशे वर्षांच्या चिंचेने जवळजवळ गुळगुळीत झाला होता. भिंगातून पाहून, कागद ठेवून शिसपेन्सिल घासून, शेवटी अक्षरे हाती आली ती अशी: नावाचा अर्धा भाग, ‘सिपॉय’, आणि ‘फर्स्ट बॉम्बे एन. आय.’, म्हणजे मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीची पहिली पलटण. नाव माझ्या खापरपणजोबांचे होते. घरातील वडीलधाऱ्यांची इच्छा नसल्यामुळे ते नाव मी येथे देत नाही.

शोधाची खरी सुरुवात केली ती इंग्लंडात नोकरीला असलेल्या माझ्या भाच्याने. संगणकावर वंशावळ मांडण्याची एक सोय त्याला मिळाली होती आणि तिच्यात प्रत्येक माणसापुढे जन्म, विवाह आणि मृत्यू अशा चौकटी होत्या. खापरपणजोबांच्या मृत्यूची चौकट त्याने लंडनमधील पदकांच्या यादीवरून भरली, कारण त्यांच्या नावापुढे २७ जुलै १८८० रोजी मारले गेल्याचा शेरा होता. विवाहाची चौकट रिकामी राहिली. “मामा, ते लोक तर सगळेच लिहून ठेवायचे. फौजेतल्या माणसाच्या लग्नाची नोंद असणारच,” असे तो फोनवर म्हणाला, आणि मलाही ते पटले. त्या एका वाक्यापायी आमची दोन वर्षे गेली.

तो म्हणाला ते निम्मे खरे होते. मुंबई इलाख्यातील लग्नांच्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत, आणि त्यांची संख्या थक्क करणारी आहे. त्या काळी प्रत्येक छावणीतील पाद्री बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही ठेवत असे, तिच्या नकला मुंबईला जात आणि मुंबईहून लंडनला. बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तीन इलाख्यांच्या तीन मालिका आहेत. आता त्यांतल्या बऱ्याचशा नोंदी घरबसल्या पाहता येतात, आणि ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’ या संस्थेच्या स्वयंसेवकांनी त्यांच्या सूच्याही तयार केल्या आहेत. भाच्याने पैसे भरून प्रवेश घेतला आणि आम्ही दोघे दर रविवारी, त्याच्या सकाळी आणि माझ्या दुपारी, एकेक वर्ष उघडून पाहू लागलो.

पहिल्या काही रविवारी आम्ही आडनावाच्या स्पेलिंगातच अडकलो. इंग्रज कारकुनांनी मराठी आडनावांचे काय केले आहे ते पाहिल्यावर हसावे की रडावे कळत नाही: जाधवांचे जादो, शिंद्यांचे सिंदी, कदमांचे कुद्दम. आमच्या आडनावाची आम्ही नऊ रूपे काढली आणि नऊही रूपांनी शोध घेतला. एकही लग्न मिळाले नाही. मग आडनाव सोडून ‘सातारा’ हे ठिकाण धरले. तेव्हा मात्र लग्ने मिळू लागली आणि ती वाचताना मी मूळ काम काही काळ विसरूनच गेलो.

त्या नोंदींचा नमुना ठरलेला आहे. वधूवरांची नावे, वये, वर अविवाहित की विधुर, वधू कुमारी की विधवा, वराचा हुद्दा, राहण्याचे ठिकाण, दोघांच्या वडिलांची नावे, लग्न तीन रविवार चर्चमध्ये पुकारून झाले की परवाना काढून, आणि खाली वधूवरांच्या व साक्षीदारांच्या सह्या. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी फुली मारली आहे आणि पाद्र्याने तिच्याशेजारी नाव लिहून ‘यांची निशाणी’ असे म्हटले आहे. गोऱ्या सार्जंटच्या बायकोच्या फुलीची नक्कलही बोटीत बसून लंडनपर्यंत गेली आणि तिथे आजही जपून ठेवलेली आहे, याचे मला कौतुक वाटले आणि थोडा हेवाही.

एक गोष्ट विशेष लक्षात राहिली. या वह्यांमध्ये विधवा वधू फार आहेत. नवरा मेला आणि काही महिन्यांतच त्याच रेजिमेंटमधील दुसऱ्या शिपायाशी लग्न लागले, अशा नोंदी वारंवार सापडतात. त्याचे कारण सरळ पोटाचे होते. गोऱ्या पलटणींमध्ये लग्नाला कमांडिंग अफसराची परवानगी लागे आणि ठरावीक संख्येपुरत्याच बायका पलटणीच्या हिशोबात धरल्या जात. त्यांना शिधा आणि राहायला जागा मिळे, इतरांना मिळत नसे. नवरा मेला की तो शिधा थोड्याच महिन्यांत बंद होई आणि विलायत तर सात समुद्रांपलीकडे. अशा बाईने दुसरे लग्न केले नाही तर जायचे कुठे? पाद्री कोणताही संकोच न करता ‘विधवा’ असा शब्द लिही आणि पुढच्या रकान्याकडे वळे. हे मी तेव्हा केवळ गंमत म्हणून टिपून ठेवले होते. त्याचा आमच्या घराशी काही संबंध असेल, असे वाटण्याचे कारण नव्हते.

त्या रविवारांतून हळूहळू जे कळायला हवे होते ते कळले. या वह्या चर्चच्या आहेत आणि त्यांच्यात ख्रिस्ती माणसाचेच लग्न असणार, मग तो गोरा असो, अँग्लो-इंडियन असो की धर्मांतर केलेला एतद्देशीय. कोरेगाव तालुक्यातील हिंदू शिपायाचे लग्न लिहून घेण्याचे कोणालाच कारण नव्हते. पारशी समाजाच्या विवाहांची नोंद १८६५ च्या कायद्याने होऊ लागली, ख्रिस्ती विवाहांसाठी १८७२ चा कायदा झाला, पण हिंदूंच्या लग्नात सरकारने नोंदवही घेऊन बसावे अशी पद्धत तेव्हा आपल्याकडे नव्हती. आपल्याकडे मुंबई राज्यात सर्वसाधारण विवाहनोंदणीचा कायदा झाला तो १९५३ सालचा. माझ्या आईवडिलांच्या लग्नाचाही लग्नपत्रिकेखेरीज कागद नाही, आणि मी खापरपणजोबांच्या लग्नाचा कागद लंडनात शोधत होतो.

याच काळात पलटणीबाबतही एक चूक उघडकीला आली. ‘पहिली पलटण’ म्हटल्यावर घरातील सर्वांनी ती जंगी पलटण, म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, असे धरून चालले होते. आमच्या भागात फौज म्हटली की त्या रेजिमेंटचे केंद्र असलेले बेळगावच डोळ्यांपुढे येते. परंतु जंगी पलटण ही मुंबईच्या लष्करातील तिसरी पलटण होती. १९०३ साली लॉर्ड किचनेर यांच्या फेररचनेत मुंबईच्या पलटणींच्या क्रमांकात शंभर मिळवले गेले, तेव्हा तिसरीची एकशे तिसरी झाली, आणि १९२२ मध्ये ती मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन बनली. मुंबईची खरी पहिली पलटण ही ग्रेनेडियर्सची होती. तिची १९०३ मध्ये एकशे पहिली झाली आणि तिची परंपरा आजच्या ग्रेनेडियर्स रेजिमेंटकडे गेली, जिचे केंद्र जबलपूरला आहे. आकडा सारखा दिसला म्हणून पलटण सारखी होत नाही. जुन्या शिपायांचा शोध घेणाऱ्याने कोणत्या सालचा क्रमांक आपण वाचत आहोत हे आधी पाहावे, नाही तर आमच्यासारखे भलत्याच गावाला पोहोचायला होते.

ग्रेनेडियर्स म्हटल्यावर २७ जुलै १८८० या तारखेचाही उलगडा झाला. त्या दिवशी कंदाहारच्या पश्चिमेला मैवंद येथे जनरल बरोज याच्या सुमारे अडीच हजारांच्या ब्रिगेडची अफगाण शहजादा आयुबखान याच्या कितीतरी मोठ्या फौजेशी गाठ पडली. गोरी सहासष्टावी पलटण, मुंबईचे ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्स हे पायदळ होते. उघड्या मैदानात, भर उन्हात, पाण्यावाचून काही तास तोफांच्या माऱ्याखाली पडून राहिल्यावर डावी बाजू कोसळली आणि तिच्याबरोबर ग्रेनेडियर्सची फळीही. ब्रिगेडमधील जवळजवळ हजार माणसे मेली. जे वाचले ते सत्तर किलोमीटरांवरील कंदाहारकडे रात्रभर चालत गेले आणि त्यांतीलही कित्येक जण वाटेत तहानेने व जखमांनी पडले. हा पराभव असल्यामुळे पदकावर लावण्याची मैवंदची पट्टी काढलीच गेली नाही. काबूलची पट्टी आहे, कंदाहारची आहे, अली मशिदीची आहे, मैवंदची नाही. आमच्या गजलक्ष्मीवर कसलीच पट्टी का नाही, ती झिजून पडली की कोणी मोडून खाल्ली, यावर घरात पूर्वी झालेली चर्चा त्या दिवशी संपली.

आता त्या कागदाविषयी. आमच्या थोरल्या चुलत्यांकडे, आबांकडे, पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवलेला एक मोडी कागद होता. घरातील समजूत अशी की खापरपणजोबांनी लढाईत पराक्रम केला म्हणून सरकारने जमीन इनाम दिली आणि ही तिची सनद. जमीन कधी दिसली नाही. ती भाऊबंदांनी खाल्ली, असा समजुतीचा उत्तरार्ध होता आणि त्यावरून दोन पिढ्या बोलणे बंद होते. कागद कोणी वाचलेला नव्हता, कारण मोडी वाचणारे घरात कोणी उरले नव्हते आणि बाहेरच्याला दाखवायचा नाही, असा दंडक होता.

साताऱ्यात मोडी जाणणारे एक निवृत्त शिक्षक माझ्या परिचयाचे आहेत. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीचे काम सुरू झाल्यापासून कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरे उलगडली जाऊ लागली आणि मोडी वाचणाऱ्या माणसाला एकाएकी डॉक्टरसारखी वेळ मागावी लागू लागली. मला दीड महिन्यानंतरची वेळ मिळाली. आबांना मी कसेबसे राजी केले. ते स्वतः बरोबर आले आणि नळी त्यांनी शेवटपर्यंत आपल्या मांडीवर ठेवली.

गुरुजींनी पहिल्या चार ओळी वाचल्या, चष्मा वर केला आणि म्हणाले, “आबासाहेब, ही सनद नाही. ही जबानी आहे. पेन्शनीची चौकशी दिसते.”

कागद शके १८०२, विक्रमनाम संवत्सर, माघ महिन्यातला, म्हणजे इंग्रजी १८८१ च्या सुरुवातीचा होता. पलटणीतला शिपाई लढाईत मेला की त्याच्या वारसाला पेन्शन मिळे, पण वारस कोण हे पलटणीच्या कारकुनाला काय माहीत? भरतीच्या वेळी लिहिलेल्या पत्रकात शिपायाचे नाव, बापाचे नाव, गाव, जात, वय आणि उंची असे. बायको खरी कोणती, मुले किती, हे गावालाच विचारावे लागे. म्हणून ती विचारणा कलेक्टरकडे येई, तिथून मामलेदाराकडे आणि मामलेदाराकडून गावाकडे. आमचा कागद म्हणजे अशाच एका चौकशीत गावच्या पाटलाने, एका पेन्शनर हवालदाराने आणि स्वतः खापरपणजीने सांगितलेल्या हकिगतीची नक्कल होती.

मी दोन वर्षे ज्या लग्नाची नोंद शोधत होतो ती मला मिळाली होती, पण ती लग्नाच्या दिवशी झालेली नव्हती. ती नवरा मेल्यानंतर सहा महिन्यांनी झाली होती, आणि तीही सरकारच्या खजिन्यातून पैसा बाहेर पडायचा होता म्हणून. सरकारला शिपायाच्या लग्नाशी काही कर्तव्य नव्हते, त्याच्या विधवेशी मात्र होते. हे एकदा ध्यानात आले असते तर आम्ही चर्चच्या वह्यांत इतके रविवार घालवलेच नसते, सरळ मृत्यूपासून मागे चालत आलो असतो.

मामलेदाराचे प्रश्न नेमके आहेत. ही बाई मयत शिपायाची बायको होय किंवा कसे, असल्यास लग्नाची की पाटाची (म्हणजे पुनर्विवाहाची), मयतास दुसरी बायको होती काय, मुले किती, आणि नवरा मेल्यावर हिने कोणाशी पाट लावला आहे काय. शेवटच्या प्रश्नाचे कारण उघड आहे, कारण विधवेने पुन्हा घरोबा केला की पेन्शन बंद व्हायची. गुरुजी प्रश्न वाचत होते तोवर आबा मान डोलावत होते. मग गुरुजींनी पाटलाचे उत्तर वाचले.

पाटील सांगतो की ही बाई अमक्या गावच्या अमक्याची लेक. हिचे लग्न लहानपणी दुसऱ्या एका गावी झाले होते. तो नवरा पटकीच्या (कॉलऱ्याच्या) साथीत वारला. त्यानंतर दुष्काळाच्या आदल्या साली, युवानाम संवत्सरी, मयत शिपाई रजेवर आला असता वैशाख वद्य पक्षी रात्रौ त्याने हिजशी पाट लावला. पाटास आपण स्वतः हजर होतो. पुढे ती नवऱ्याबरोबर पलटणीत राहिली, मुलगा लाइनीत (पलटणीच्या वस्तीत) झाला, तो आज तीन वर्षांचा आहे, आणि पलटण मुलखाबाहेर गेली तेव्हा ती मुलासह गावी आली. दुसरी बायको नाही. पुन्हा पाट लावलेला नाही.

दुष्काळ म्हणजे शके १७९८, धातानाम संवत्सरी सुरू झालेला १८७६ चा मोठा दुष्काळ. म्हणून युवानाम संवत्सर हे शके १७९७ आणि वैशाख वद्य म्हणजे १८७५ चा मे महिन्याचा उत्तरार्ध. गुरुजी हा हिशोब बोटांवर करत असताना आबांनी नळीचे झाकण लावले होते. कागद अजून बाहेरच होता.

घरात चालत आलेली गोष्ट वेगळी होती. त्या गोष्टीत खापरपणजोबा लाल कोट घालून घोड्यावरून आले होते, पाच दिवस लग्न वाजले होते आणि नवरीच्या अंगावर चाळीस तोळे सोने होते. महिना सात रुपये पगाराच्या शिपायाने हे सारे कुठून आणले, असे विचारण्याची आम्हा पोरांना कधी गरज वाटली नाही. कागदात घोडा नव्हता, वाजंत्री नव्हती आणि सोने तर नव्हतेच. वद्य पक्षातील रात्र होती, चार माणसे होती आणि एक तरुण विधवा होती, जिचा पहिला संसार पटकीने मोडला होता.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पाट म्हणजे विधवेचा पुनर्विवाह. तो आपल्या गावगाड्यातील बहुतेक जातींमध्ये चालत असे. त्याला होम, सप्तपदी, अक्षता यांचा थाट नसे, तो रात्रीच्या वेळी थोड्या माणसांत उरकला जाई आणि सवाष्णींनी तो पाहू नये, असा संकेत असे. मराठेशाहीत पाटावर पाटदाम नावाचा करही होता. ब्रिटिशांना याची माहिती चांगली होती. आर्थर स्टील याने १८२७ साली दख्खनमधील जातींच्या रूढींचे जे संकलन सरकारसाठी केले त्यात लग्न आणि पाट यांचे नियम जातवार विचारून घेतले होते, आणि त्याच वर्षीच्या मुंबईच्या रेग्युलेशनने अदालतींना रूढीप्रमाणे निवाडा करण्यास सांगितले होते. १८५६ चा विधवाविवाहाचा प्रसिद्ध कायदा झाला तो ज्यांच्यात पुनर्विवाहाला बंदी होती त्यांच्या अडचणीतून. आमच्या गावी त्या कायद्याची वाट पाहत कोणी बसले नव्हते. त्यामुळे मामलेदाराने कागदाच्या शेवटी जातीत पाटाची चाल असल्याने बाई मयताची बायको व मुलगा वारस समजावा, असा शेरा मारून विषय संपवला आहे. त्याला तेवढेच हवे होते.

त्याला जे दोन ओळींत पटले ते आमच्या घरी अजून पुरते पटलेले नाही. परत येताना गाडीत आबा कोरेगाव येईपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, “आपल्यात पाट नव्हता.” मी म्हटले, “आबा, पाटील हजर होता.” त्यावर ते म्हणाले, “पाटलाचं आणि आपलं तेव्हाही बरं नव्हतं.” त्यांच्या मनात काय चालले होते ते मला समजत होते. आपण पाटाचे नव्हे, लग्नाचे, यावर एकेकाळी घराण्याची उंची मोजली जाई, सोयरिकी जुळत आणि मोडत. जबानीत आमची जात कुणबी लिहिली आहे आणि पलटणीच्या इंग्रजी यादीत तोच माणूस ‘मरहट्टा’ आहे, यावरून सध्याच्या दिवसांत चुलतभावांनी मला निराळेच फोन केले. एकाला कागदाची साक्षांकित प्रत हवी होती आणि त्यातील पाटाची ओळ मात्र नको होती. तशी प्रत निघत नाही, हे त्याला समजावण्यात एक संध्याकाळ गेली.

माझे मत मी आबांनाही सांगितले आहे. इंग्लंडच्या सार्जंटची बायको चार महिन्यांत दुसऱ्याशी लग्न करते तेव्हा तिच्या नावापुढे ‘विधवा’ असा शब्द लिहिला जातो, तिचे वंशज आज तो अभिमानाने शोधून काढतात, आणि आपण मात्र पाच दिवसांची वाजंत्री रचून बाईचे पहिले दुःखच पुसून टाकतो. खापरपणजीचे दोन नवरे गेले, पहिला पटकीने आणि दुसरा मैवंदला. विसाव्या-बाविसाव्या वर्षी तीन वर्षांचे मूल घेऊन ती मामलेदारापुढे उभी राहिली, आणि त्या मुलाच्या पोटी माझे आजोबा झाले. चाळीस तोळ्यांच्या गोष्टीतील नवरी मला कधीच दिसली नव्हती. ही दिसते.

पाटलाच्या एका जबानीवर विसंबू नये म्हणून मी आणखी एक दार ठोठावले. कराडहून खाली सांगलीकडे ज्यांच्या सोयरिकी आहेत त्यांच्याकडे हेळवी येतात हे वाचकांपैकी अनेकांना माहीत असेल. पूर्वी बैलावर बसून येत, आता मोटारसायकलवर येतात, आणि घराण्याच्या पिढ्या, सुनांची माहेरे, भाऊबंदांच्या वाटण्या हे सारे पाठ म्हणतात. खापरपणजीचे माहेर त्या बाजूचे असल्याने तिच्या भावांच्या वंशजांकडे येणाऱ्या हेळव्याला मी गाठले. त्याने धान्य आणि दक्षिणा घेतल्यावर लेकीबाळींच्या नोंदी म्हणून दाखवल्या. तिच्या नावापुढे त्याने आमच्या गावचे नाव घेतले आणि त्याआधी दुसऱ्या एका गावचे. दोन गावे का, असे मी विचारले. तो म्हणाला, “लेक दोन घरी नांदली.” पाटलाने सांगितलेले पहिले गाव तेच होते. लग्न की पाट हे त्याच्या वंशावळीत नव्हतेच, नांदणे तेवढे होते.

हे सारे मी भाच्याला कळवले. त्याच्या संगणकावरील विवाहाच्या चौकटीत तारीख, ठिकाण आणि पुरावा असे तीन रकाने होते. मे १८७५, आमचे गाव, आणि पुरावा म्हणून १८८१ ची जबानी, असे त्याने भरले. विवाहाच्या प्रकारात चर्चचा, नागरी आणि इतर असे तीनच पर्याय होते. त्याने ‘इतर’ निवडले आणि मला विचारले की, मामा, इतरमध्ये काय लिहू. मी म्हटले, देवनागरीत ‘पाट’ लिही, इंग्रजीत त्याला शब्द नाही.

मग त्याने सही मागितली. चर्चच्या नोंदींना नकलेतील वधूवरांच्या सह्यांची किंवा फुल्यांची चित्रे जोडता येतात, तशी आपल्यालाही जोडता आली तर बरे, असे त्याचे म्हणणे. खापरपणजोबांची सही कुठेच नाही. खापरपणजीची आहे म्हणावी तर आहे. नक्कल करणाऱ्या कारकुनाने मूळ कागदावरील निशाण्या प्रामाणिकपणे उतरवून घेतल्या आहेत. पाटलाच्या नावाखाली नांगर आहे, हवालदाराच्या नावाखाली कट्यार आहे, आणि तिच्या नावाखाली, नवरा मेलेल्या बाईच्या नावाखालीही, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे बांगडी आहे. शाईचे एक वेडेवाकडे वर्तुळ, आणि त्याच्या शेजारी मोडीत ‘निशाणी बांगडी’ अशी दोन अक्षरे. त्याचा फोटो काढायला आबांनी नळी पुन्हा उघडू दिली आणि कागदाचे वरचे टोक स्वतः धरून ठेवले.